काळ्या भिंतीसमोरचा कर्णा

माझ्या कडेला गंज चढला आहे आणि पोटात कोळ्याने जाळं विणलं आहे, तरी कान जवळ आणलात तर बोलेन. मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. वीज नको, तार नको. अरुंद बाजू तोंडाला लावायची आणि रुंद बाजूने हाक मारायची, एवढंच माझं काम.

टायरॉलच्या डोंगरात, खालच्या गावातल्या एका लोहाराने मला घडवलं. तीस वर्षं मी गुराख्यांजवळ होतो. पुढे कुरणावरच्या एका घरात नोटबुर्गा एगर या बाईंनी उन्हाळ्याची जर्मन शाळा काढली आणि मी शाळेत आलो. सहा आठवडे तिथे राहायचं, जेवायचं, भांडायचं, सगळं जर्मनमध्ये. स्वतःच्या भाषेतला एक शब्द जरी निघाला, तरी संध्याकाळची सगळी भांडी घासायची.

घरासमोर खोल घळ आहे आणि घळीपलीकडे काळ्या खडकाची उभी भिंत. रोज सकाळी ओट्यावर भिंतीचा तास भरे. एकेकाने माझ्यातून एक वाक्य ओरडायचं आणि भिंत ते जसंच्या तसं परत द्यायची.

"ऐका नीट," बाई म्हणायच्या. "मी एक वेळ दया दाखवीन, भिंत दाखवणार नाही."

मला त्या दिवसांचा फार अभिमान होता. बाई रोज मला फडक्याने पुसत आणि महिन्याला तेल लावत.

त्या वर्षी हंगेरीची बोग्लार्का आली होती. चाळिशी ओलांडलेली नर्स. जर्मनची परीक्षा पास झाली, तरच शहरातल्या इस्पितळात कायमची नोकरी मिळणार होती. पण तुमच्या मराठीसारखीच जर्मनमध्येही तीन लिंगं आहेत आणि तिच्या भाषेत एकही नाही. तिच्या तोंडी दूध 'तो' व्हायचं आणि खुर्ची 'ते'. तिच्या खोलीत एस्टोनियाची पिरेत राहायची. एकोणीस वर्षांची, वर्गात सगळ्यांत हुशार.

"बोगी, अगं, निदान घराला तरी सोड!" पिरेत हसून म्हणायची.

"घराला काय फरक पडतो? आत गेलं की झालं," बोग्लार्का म्हणायची.

एका सकाळी बोग्लार्काने मला उचललं आणि ओरडली, "हा घर माझा आहे!"

भिंतीवरून उत्तर आलं, "हे घर माझं आहे!"

आवाज तिचाच होता. चूक तेवढी गेली होती.

सगळे खो खो हसले. त्यांना वाटलं, बाईंनी पलीकडे कुणाला तरी लपवून बसवलंय. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला तिच्या हातातून काढून घेतलं. परतलेला तो आवाज मला लागला होता आणि भर उन्हात माझा पत्रा गार पडला होता. "तास संपला," बाई म्हणाल्या आणि मला ओट्यालगतच्या लाकडांच्या खोलीत खिळ्याला टांगून आल्या.

चार दिवसांनी पिरेत दुपारी रानफळं वेचायला गेली आणि धुकं उतरलं. इतकं दाट, की ओट्याची पायरी दिसेना. पाच वाजले तरी ती आली नाही. बाई धावत आल्या, मला खिळ्यावरून ओढून काढलं आणि ओट्यावरून ओरडल्या, "पिरेत! घर इकडे आहे! ये!"

"पिरेत! घर इकडे आहे! ये!" भिंत म्हणाली. तोच आवाज, तीच काळजी. पण ते शब्द आमचे संपल्यावर आले नाहीत, बरोबरीने आले.

धुक्यातून पिरेतचा रडवेला आवाज आला. "बाई, कुठे येऊ? दोन्हीकडून तुम्हीच बोलताय!"

आवाज घळीच्या बाजूने येत होता. बाईंनी पुन्हा हाक मारली आणि पिरेतचा आवाज आणखी लांब गेला.

"द्या तो इकडे," बोग्लार्का म्हणाली.

"तू नको, तुझं व्याकरण..."

"व्याकरण गेलं खड्ड्यात, बाई! पोरगी जाईल आता!" तिने मला हिसकावलं. "पिरेत! हा घर इकडे! ती सूप गरम झाला!"

"हे घर इकडे! ते सूप गरम झालं!" भिंत म्हणाली.

मग पिरेत ओरडली, "बोगी! तू तूच आहेस! बोलत राहा! चुकत राहा!"

बोग्लार्का बोलत राहिली. चुली, गाई, टेबलं, आपला नवरा, सगळ्यांची लिंगं तिने उलटीपालटी केली. भिंत न थकता दुरुस्त करत होती. मध्येच घाबरून तिच्या तोंडून एक वाक्य बरोबर गेलं. दोन्ही आवाज अगदी एकसारखे झाले आणि पिरेतची पावलं थांबली. बोग्लार्काने कपाळावर हात मारला आणि पुन्हा ओरडली, "ही दगड! हा वाट!"

वीस मिनिटांनी पिरेत पायरीला अडखळली. एका पायात बूट नव्हता. "दोनदा पाय टाकला तर खाली काहीच नव्हतं," एवढंच ती बोलली. बोग्लार्का तिला हंगेरियनमध्ये काहीबाही म्हणत छातीशी धरून बसली. त्या संध्याकाळी भांडी बाईंनी घासली.

बोग्लार्का परीक्षेत नापास झाली, पुढच्या वर्षी पास झाली. आज ती शहरातल्या इस्पितळात आहे. भिंतीचा तास मात्र बंद झाला आणि मी तेव्हापासून खिळ्यालाच आहे. तेल नाही, फडकं नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये भर दुपारी धुकं आलं. ओट्यावर एक नवा विद्यार्थी बसला होता. घळीपलीकडून हाक आली, "ये ना! हा घर इकडे! ती सूप गरम झाला!"

बोग्लार्काचा आवाज, तिच्याच चुका. भिंत आता चुकायलाही शिकली होती.

त्या पोराला वाटलं, पलीकडून कुणीतरी जेवायला बोलावतंय. तो उठला आणि पायऱ्या उतरू लागला. मला सगळं कळत होतं, पण मित्रांनो, कर्ण्याला स्वतःचा आवाज नसतो. म्हाताऱ्या झालेल्या बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि त्यांनी त्याची बाही धरली, म्हणून तो वाचला.

बाई आता फार दिवस धावू शकणार नाहीत. म्हणून विनवतो, धुक्यात हाकेच्या मागे जाऊ नका, एकमेकांचा हात धरा. आणि कुणी तिकडे निघालंच, तर 'थांब' म्हणून ओरडता यावं, यासाठी मला खिळ्यावरून काढा, माझा गंज खरवडा, तेलाचं बोट फिरवा. माझं तोंड मोठं आहे, पण त्यात श्वास कुणीतरी माणसानेच भरावा लागतो.