उलट्या पावली

त्या वर्षी वारा असा सुटला होता की आमच्या गावचा कोंबडा पहाटे आरवायचा आणि बांग शेजारच्या गावाला ऐकू जायची. आमचे लोक उन्हं चढेपर्यंत झोपून राहायचे. हसू नका. माझ्या गोष्टींत पीठ किती आणि मीठ किती, हे गावाला ठाऊक आहे. म्हणून तर मला थापाड्या आजा म्हणतात. पण ही गोष्ट दोरवाल्यांच्या घरची, आणि तिच्यात मी एकच थाप मारलेली आहे. दोनदा मारली, पण एकच.

दोरवाल्यांचं घर माझ्या कुडाला लागून. दोघे भाऊ दोरखंडांची वेटोळी घेऊन बाजार करत हिंडायचे, आठ-आठ दिवस घरी नसायचे. दोर वळायच्या त्या दोघी जावा. वळायचं काम कसं, तर एकीनं बसून चाक फिरवायचं. दुसरीनं कमरेला वाखाचा पुंजका बांधायचा, त्यातलं एक टोक चाकाच्या आकड्याला अडकवायचं आणि बोटांतून वाख सोडत सोडत उलट्या पावली मागं जायचं. चालणारीचं तोंड चाकाकडं, पाठ शेताकडं. शंभर पावलं मागं गेली की दोर झाला. दिवसभरात ती बाई तीन गावांची वाट चालते आणि पोचत कुठंच नाही.

त्या दिवशी भांडण लागलं ते चाकावरून. दोघींना दिवस गेलेले. थोरलीला आठवा, धाकटीला सहावा. थोरली हट्टानं पुंजका बांधायला बघत होती, पण पोटावर गाठ बसेना. धाकटीनं तो हिसकून घेतला, म्हणाली, जाऊबाई, चाक आजपासून तुमचं. थोरलीनं तोंड वाकडं केलं. आयतं बसायची सवय लागली तर मग मी उठायची नाही हं, म्हणाली. दोघी हसल्या. कुडापलीकडं मीही हसलो. माणसाची जीभ कधी कधी पुढं जाऊन बघून येते, ते मला तेव्हा कळलं नाही.

नर्सबाई महिन्यातून दोनदा गावात यायच्या. गरिबाघरच्या पोटुशीसाठी सरकारनं एक पिवळं कार्ड काढलं होतं. बाळंतपण, टाके, औषध आणि पुढं पोर पाच वर्षांचं होईस्तोवर त्याचं सगळं दवापाणी त्या कार्डावर फुकट. धाकटीनं तिसऱ्याच महिन्यात फॉर्म भरला, कार्ड आलं, तिनं ते फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवलं. थोरली मात्र टाळत होती. आधी दोनदा तिची कूस भरली होती, दोनदा तिनं असेच कागद केले होते आणि दोन्ही वेळा कूस रिकामी झाली होती. तिचं म्हणणं, माणसाची नजर काढता येते, कागदाची लागली तर कशानं काढायची? नर्सबाई डोकं आपटून थकल्या तेव्हा कुठं आठव्यात तिनं फॉर्मवर सही केली. तहान लागल्यावर विहीर खणावी तशी.

विहिरीला पाणी लागायच्या आत तिला चाकावरच कळ आली. हातपाय ताठ झाले, डोळे फिरले. वाऱ्यानं वाख साऱ्या अंगणात उडत होता, कुणाचे तरी केस उपटून फेकावेत तसा. भाऊ बाजाराला गेलेले. मी गाडी जुंपली. धाकटी घरात धावली, फडकं सोडलं आणि आपलं कार्ड माझ्या हातात कोंबलं.

"आजा, हे दाखवा. चाळण मागितली तर देतोच ना आपण एकमेकींना? तसंच समजा."

चाळण परत येते तेव्हा तिची भोकं तेवढीच असतात. कार्डाचं तसं नसतं, हे आम्हाला कोण सांगणार?

मोठ्या दवाखान्यात काचेमागं एक माणूस बसायचा. त्याला सगळे खिडकीवालाच म्हणत. त्यानं फोटोकडं बघितलं, गाडीत आडव्या पडलेल्या थोरलीकडं बघितलं. फोटोतली बाई गोल तोंडाची, ही लांबट. मी म्हणालो, "साहेब, हीच ती. गाल होते तिला, आठवा लागला आणि गाल पोटात उतरले." तो हसला आणि त्यानं शिक्का मारला. थाप म्हणाल तर ती एवढीच, हीच ती.

थोरली वाचली. पोर आलं, पण रडलं नाही.

चौथ्या दिवशी तिला घेऊन निघालो, तर हातात एक कागद दिला. त्यावर आईच्या जागी धाकटीचं नाव आणि पुढं लिहिलेलं, मूल मयत. थोरलीला अक्षरओळख होती. वाटभर ती तो कागद वाचत राहिली. वाऱ्यानं तिच्या डोळ्यांत माती जात होती, तरी पापणी लवली नाही. गाव दिसायला लागलं तेव्हा शांतपणे म्हणाली, "माझं नाही गेलं, आजा. तिचं गेलं. बघा की, लिहिलंय."

दुःख बोलतंय म्हणून मी बैलांकडं बघत राहिलो.

घरी येऊन तिनं कार्ड आणि कागद दोन्ही धाकटीच्या हातात ठेवलं. धाकटीनं आपलं नाव वाचलं, पुढचा शब्द वाचला आणि दुसरा हात पोटावर नेला. तो कागद तिला कोनाड्यात ठेववेना, चुलीत घालवेना. शेवटी छपराच्या वाशात खोचला. वारा आला की तो तिथं फडफडायचा, आणि खाली झोपलेली धाकटी कूस बदलायची.

पंधरा दिवसांनी थोरलीचं कार्ड आलं. म्हणजे बघा, कागदावर थोरली अजून भरल्या पोटाची होती, आणि पोट पुढं घेऊन हिंडणारी धाकटी मोकळी झालेली होती. मी ही गंमत म्हणून चारचौघांत सांगितली. कुणी हसलं नाही.

थोरली पुन्हा चाकावर बसली, पण पुंजका बांधायची पाळी काही तिची आली नाही. धाकटी सातव्या महिन्यातही मागं चालत होती. चाक फिरवता फिरवता थोरली तिच्या पोटाकडं बघायची आणि विचारायची, आज आपलं हललं का? आपलं, म्हणायची. एका चुलीवरच्या जावा, म्हणून आधी कुणाला ते खटकलं नाही.

धाकटीचे दिवस भरले तेव्हा नर्सबाईंनी पोट चाचपलं आणि सांगितलं की मूल आडवं आहे, घरी हात लावू नका. पुन्हा माझी गाडी, पुन्हा तीच खिडकी. या वेळी थोरली सोबत होती. खिडकीवाल्यानं धाकटीचं कार्ड बघितलं, वही चाळली आणि वर न बघता म्हणाला, बाई, तुमचं बाळंतपण तीन महिन्यांपूर्वी झालंय. मूल मयत. या कार्डावर आता काही मिळायचं नाही.

धाकटी कळ दाबत भिंतीला टेकली. मी तोंड उघडायच्या आत थोरलीनं कमरेचं फडकं सोडलं. आपलं कार्ड तिनं घरूनच आणलं होतं.

"मी तुझं घेतलं होतं," ती म्हणाली. "आता तू माझं घे."

धाकटीनं घेतलं. न घेऊन करते काय? मी खिडकीपुढं उभा राहिलो आणि दुसऱ्यांदा म्हणालो, हीच ती. खिडकीवाल्यानं बोटांवर महिने मोजले, म्हणाला, ही तर अकरावा महिना दाखवतेय. मी म्हणालो, आमच्या गावात सगळंच उशिरा पोचतं, साहेब, वीजसुद्धा. त्यानं शिक्का मारला.

मुलगा झाला. रडला, पण दार करकरावं इतकंच बारीक. डॉक्टरांनी सांगितलं, छातीत भोक आहे; दर महिन्याला आणून दाखवायचं, औषध बंद पडू द्यायचं नाही, दुसऱ्या वर्षात कापून शिवावं लागेल. सगळं कार्डावर होईल. धाकटी टाक्यांनी आडवी, म्हणून पोराचं कार्ड करायला थोरली खिडकीशी गेली. आईच्या जागी तिचं नाव, तिचा फोटो, यंत्रावर तिचा अंगठा.

पहिल्या महिन्यात दोघी मिळून गेल्या. दुसऱ्या महिन्यात थोरली म्हणाली, दोघींचा दिवस कशाला मोडायचा, अंगठा तर माझाच लागतो. तिसऱ्या महिन्यापासून ती पोराला घेऊन सकाळी जायची आणि दिवस कलल्यावर यायची. इकडं धाकटीची चोळी दुधानं भिजायची. मग थोरली रात्री पोराला आपल्याजवळ घ्यायला लागली, छातीकडं लक्ष ठेवावं लागतं, डॉक्टर मला सांगतात, म्हणून. धाकटीनं नवऱ्यापाशी विषय काढला. तो म्हणाला, एकाच घरात तर आहे, जातंय कुठं? पुरुषाला घर एकच दिसतं. त्यात किती उंबरे असतात ते बाईला विचारा.

सहाव्या महिन्यात धाकटी माझ्या कुडाशी आली. वारा तिच्या पाठीवर आदळत होता. म्हणाली, "आजा, काल मी त्याला उचललं, तर जाऊबाई म्हणाल्या, सांभाळून, माझं नाजूक आहे. माझं, म्हणाल्या. चला, जे खरं आहे ते सांगून टाकू."

गेलो. उभ्या जन्मात पहिल्यांदा मी पहिल्यापासून शेवटपर्यंत खरं बोललो, आणि ते किती नीरस वाटतं ते कळलं. खिडकीवाला ऐकत होता. गाल पोटात उतरतात म्हणणारे तुम्हीच ना, असं त्यानं विचारलं. मग त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, हे खरं असेल तर दोन्ही कार्डं रद्द होणार, पोराचंही बंद होणार, चौकशी वर जाणार. किती दिवस, ते मी विचारलं. वर्ष लागतं, दीड वर्षही लागतं, म्हणाला. तोवर औषध? तोवर नाही. त्यानं पेनाचं टोपण काढलं.

"बोला बाई. लिहून घेऊ?"

धाकटी त्या पेनाच्या टोकाकडं बघत राहिली. मी घोड्यावरून पडलेली माणसं बघितली आहेत, विहिरीतून वर काढलेली बघितली आहेत. असा चेहरा नाही बघितला.

"नका लिहू," ती म्हणाली. "आजोबांना सवय आहे थापा मारायची."

परत येताना ती गाडीत मागं तोंड करून बसली, दवाखाना दिसेनासा होईस्तोवर.

पोराची छाती शिवून झाली. आता बाळसं धरलंय, गाल तर असे की कुठल्याही खिडकीत शोभतील. पाच वर्षं पुरी व्हायला अजून तीन आहेत, तोवर दर महिन्याला दाखवायचं आहे. मी कुडाशी बसून बघतो. थोरली चाकावर, मांडीवर पोर. धाकटी पुंजका बांधते, टोक अडकवते आणि निघते, तोंड पोराकडं, पाय मागं. दहा पावलं, वीस, पन्नास. पोर लहान लहान दिसत जातं.

परवा पन्नासाव्या पावलाला पोरानं हात पसरले आणि तिला हाक मारली. म्हणालं, काकी.

धाकटीची बोटं थांबली. दोर सैल पडला.

थोरलीनं मान वर केली नाही. चाक फिरवतच म्हणाली, "थांबू नकोस गं. पीळ सुटेल."

आणि धाकटीनं पाऊल मागं टाकलं.