नावाखालचा दाणा

एंजेला होती तोवर तिच्या वडलांच्या, स्टीफनच्या, दंडाला यंत्र लावायचं काम तिचंच होतं. नगरच्या एका दवाखान्यात ती लॅबमध्ये होती आणि तिथं साखर मोजायच्या नव्या सेन्सरची चाचणी चालली होती, तीत त्यांचं नाव तिनंच घातलं होतं. त्यांच्या डाव्या दंडात, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढा सेन्सर बसवला होता. वरून यंत्र टेकवलं की उजेड कातडीतून आत जाई, अंगातल्या साखरेप्रमाणे दाणा कमीजास्त उजळे आणि यंत्रावर आकडा येई. त्यावर इन्सुलिन ठरे. बोट टोचायची कटकट गेली म्हणून स्टीफन खूश होता.

पावसाळ्यात एंजेला डेंग्यूनं गेली.

तिची आई, मार्था, भेटायला येणाऱ्यांना चहा करून देई, आणि रडायची ती मोरीत, नळ सोडून. स्टीफन तर बोलेनासाच झाला. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला तो एकटाच जाऊन आला. तेव्हापासून यंत्र स्वतःच लावू लागला, तेही भिंतीकडं तोंड करून. मार्थानं आकडा विचारला की "ठीक हाय" म्हणे. घरातही पुऱ्या बाह्यांचा शर्ट घाली. दुःखात माणूस असं वागतं, म्हणून तिनं फार खोदून विचारलं नाही.

एका रविवारी कोल्हारच्या चर्चमध्ये प्रार्थनेला सगळे उभे राहिले आणि स्टीफन बाकावरून खाली घसरला. अंग घामानं थबथबलेलं, जीभ जड झालेली. मार्थानं पिशवीतून यंत्र काढलं आणि त्याची बाही वर सारली. दाण्याच्या बरोब्बर वर, जाड काळ्या अक्षरात, एंजेलाचं नाव गोंदलेलं होतं.

तिनं यंत्र टेकवलं. आकडा आलाच नाही. मग कुणीतरी आणलेली साखर तिनं बोटानं त्याच्या गालात भरली आणि तो डोळे उघडेपर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरून बसली.

काळी शाई उजेड पिऊन टाकते, असं दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं. इतके दिवस तो अंदाजानंच इन्सुलिन घेत होता. आता नवा सेन्सर उजव्या दंडात बसवावा लागणार होता, आणि जुना आत ठेवता येत नव्हता, काढताना चीर नावावरूनच जाणार होती.

"ऱ्हाऊ द्या तो आत," स्टीफन म्हणाला. "ती हितंच हात ठिवायची."

डॉक्टर बाहेर गेले. 

"मला इचारलं असतं, तर मीबी आले असते यात्रेला, गोंदवायला," मार्था म्हणाली. "माझीबी लेक हुती ती."

स्टीफननं तिच्याकडं पाहिलं. लेक गेल्यापासून त्यानं बायकोकडं असं पाहिलंच नव्हतं. मग तो रडला, ओठ दाबून, आवाज न करता. दुपारी त्यानं दाणा काढायच्या कागदावर सही केली.

टाके निघाले तेव्हा 'जे'च्या मधोमध एक गुलाबी वण राहिला होता. जोडलेली कातडी थोडी सरकली होती, त्यामुळं अक्षराचे दोन तुकडे एकमेकांना नीट भिडत नव्हते. आता सकाळी मार्था उजव्या दंडाला यंत्र लावते. एंजेलाला जमायचं तसं एका झटक्यात तिला जमत नाही. दोनतीनदा सरकवावं लागतं. स्टीफन तेवढा वेळ दंड पुढं करून बसून राहतो.