फ्रीजमधल्या बातम्या

"बातमी आली म्हणजे पाठवणारा धडधाकट आहे, असं धरून चालू नकोस," आमच्या डेस्कवरचे आजोबा मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. आजोबा म्हणजे आमचे संपादक. जुन्या माणसांना जिथेतिथे संकट दिसतं, असं मनात म्हणून मी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

शेजारशेजारच्या देशांतल्या रेडिओ केंद्रांनी मिळून एक जाळं केलंय. त्यांच्या बातम्या आमच्याकडे येतात, आमच्या त्यांच्याकडे जातात. नदीपलीकडच्या देशातून बातम्या पाठवायची ती माझ्याच वयाची, माझ्यासारखीच लेकुरवाळी. नवरा जहाजावर, माहेर लांब. बाळाला मांडीवर घेऊन घरूनच बातमी वाचायची, त्यामुळे शेवटी बाळाचा आवाज हमखास यायचा. तो कापायचं काम माझ्याकडे. कापायच्या आधी मी तो नेहमी ऐकायचे. माझी लेकही तेवढीच. कोण आधी रांगतं, यावर फोनवर आमची चढाओढ चालायची.

बाळाची लस असली, दुखणं असलं की अडायला नको म्हणून ती टिकाऊ बातम्या आधीच वाचून जाळ्याच्या सामाईक यंत्रात ठेवायची. पुस्तकांचं प्रदर्शन, नवा पूल, पक्ष्यांची गणना. ठरलेल्या दिवशी त्या आपोआप निघायच्या. असं आम्ही सगळेच करतो. आमच्यात त्यांना 'फ्रीजमधल्या' म्हणतात.

गेल्या महिन्यात तिच्या शहरात पाणी शिरलं. केंद्र बंद पडलं, माणसं पांगली. तिच्या बातम्या मात्र येत राहिल्या. सकाळी सगळ्या केंद्रांचा मिळून फोन असतो, त्यात तिचं नाव निघालं की कोणीतरी म्हणायचं, "तिचं येतंय." की पुढचं नाव. मी तिला फोन लावत होते, लागत नव्हता. पुरात कोणाचा लागतो? घरी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, पोरीच्या एका शिंकेने तुझी झोप उडते, आता काळजी करायला शेजारचा देशही हवा का?

मग एका दुपारी पुलाची बातमी कापायला घेतली. शेवटी बाळ नुसतं 'अं अं' करत होतं. माझा हात थांबला. पाणी यायच्या आधीच त्या बाळाला जीभ टाळ्याला लावून टकटक करायचा शोध लागला होता. घरात दिवसभर घोडा धावतोय, असं ती हसत सांगत होती. नवं काही जमलं की मूल ते सोडत नाही, हे मी घरी रोज बघते. पुरानंतर आलेल्या तिच्या सगळ्या बातम्या काढून पुन्हा ऐकल्या. घोडा कुठेच नव्हता.

आजोबांकडे गेले. "या सगळ्या फ्रीजमधल्या आहेत. ती काही पाठवतच नाहीये."

हसतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "ऐकव."

तिसऱ्या एका देशाच्या केंद्राचा माणूस पुराच्या बातमीसाठी त्याच शहरात होता. आजोबांनी त्याला गाठलं. पूर राहू दे, आधी एक दार वाजवून ये, म्हणाले. पत्ता मी सांगितला. लेकीला आखूड झालेला स्वेटर तिच्या बाळासाठी पाठवला होता, म्हणून पाठ होता.

वरच्या मजल्यावर दार आतून बंद होतं, शेजारपाजार रिकामा. दार फोडलं तर आत ती तापाने फणफणलेली, फोन पाण्यात गेलेला. बाळ कुशीत, रडून रडून घसा बसलेला. दोघांनाही इस्पितळात हलवलं.

बरी झाल्यावर तिने फोन केला. उशाशी सेलवरचा रेडिओ होता, आमचं केंद्र तिकडे लागतं. "माझाच आवाज ऐकत पडले होते गं," ती म्हणाली. "वाटलं, संपलं. आता कशाला कोण येईल बघायला?"

मागे टकटक चालू होतं.

तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल, ज्याचा रोज सकाळी फुलाचा नाहीतर सुविचाराचा मेसेज न चुकता येतो. आज त्यांना फोन करा. नाही उचलला, तर कृपा करून जाऊन दार वाजवा.