शाबूत मशीन

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि उगाच गेली नव्हती. आपल्या बाइंडिंगच्या दुकानासाठी वह्या शिवायचं एक जुनं पण दणकट मशीन त्यांनी समुद्रापलीकडून मागवलं होतं. ते बंदरात उतरून आठ दिवस झाले होते. सोमवारी काम सुरू झालं नाही तर शाळांची ऑर्डर हातची जाणार, आणि इथे जहाज कंपनीच्या कचेरीत खिडकीपलीकडची कारकूनबाई म्हणत होती, आधी किमतीचा चौथा हिस्सा भरा.

"कशाबद्दल?"

"जनरल अ‍ॅव्हरेज."

वहिनींनी शेजारी उभ्या असलेल्या दिराकडे पाहिलं. मशीन मागवण्याचे सगळे कागद त्यानेच केले होते. एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की, "वहिनी, तुम्ही बाइंडिंग बघा, यातलं तुम्हाला काय कळणार," म्हणून गप्प बसवायचा. आता मात्र तो बोटात गाडीची किल्ली गरगर फिरवत भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. लेकाच्याला स्वतःलाच अर्थ ठाऊक नव्हता.

शेवटी कारकूनबाईने सांगितला. जहाज वाळूत रुतलं होतं. ते हलकं करायला कप्तानाने चाळीस कंटेनर समुद्रात लोटले, म्हणून बाकीचे वाचले. आता ते नुकसान वाचलेल्यांनीही वाटून घ्यायचं.

"माझं मशीन शाबूत आहे. मग मी का भरू?"

"शाबूत आहे म्हणूनच."

"वा रे न्याय," वहिनींचा आवाज चढला. "ज्यांचं बुडालं त्यांनी त्यांचं बघावं. माझ्या बोकांडी का?"

बाकावरच्या म्हाताऱ्या सुताराने मान वर केली. "माझी बारा कपाटं गेली, बाई. परदेशातल्या प्रदर्शनातून परत येत होती, वर्षभराचं काम होतं. तुमच्यासारख्यांच्या हिश्श्यातूनच मला काही मिळालं तर मिळेल."

वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग मात्र होता तिथेच होता.

"मालाचा विमा असेल ना?" कारकूनबाईने विचारलं. "तो कागद द्या. विमा कंपनी हमी देईल, तुम्हाला काही भरावं लागणार नाही."

"आहे की. भाऊजी, द्या तो कागद."

किल्ली फिरायची थांबली.

"हल्ली जहाजं कुठे बुडतात, वहिनी. म्हटलं, तेवढेच पैसे वाचतील."

"विम्याचे म्हणून माझ्याकडून मोजून घेतलेत तुम्ही."

"गाडीला म्युझिक सिस्टीम बसवली," दीर जमिनीकडे बघत पुटपुटला.

इतकी वर्षं त्याचा शहाणपणा मुकाट ऐकल्याचा वहिनींना स्वतःचाच संताप आला. त्यांनी हात पुढे केला.

"किल्ली द्या. गाडी दुकानाच्या नावावर आहे. उद्या विकायची आणि हिस्सा भरायचा."

"अहो, पण माझीच गाडी का? नवीकोरी आहे. एक ओरखडा नाही तिला."

"शाबूत आहे म्हणूनच. दुकान रुतलंय, भाऊजी."

किल्ली पर्समध्ये टाकून त्या खिडकीकडे वळल्या. फॉर्मवर सही करण्याआधी त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवून अर्थ विचारला. अर्धा तास लागला. दीर तेवढा वेळ उभाच होता, कारण घरी जायला त्याच्याकडे गाडी नव्हती.