डोळ्याच्या पाठीमागचा रंग

लिंबाची गोळी चोखून चोखून पातळ व्हावी, कडा गुळगुळीत व्हाव्यात, तसं काहीतरी ब्रिटाच्या तळहातावर थरथरत होतं आणि त्याच्यातून तिला स्वतःच्याच हातावरची रेघ दिसत होती – मोठी झालेली, जवळ आलेली. गाईच्या डोळ्यातलं भिंग. ओलं, थंडगार. विज्ञानाच्या मिस ओस्टमननी सांगितल्याप्रमाणे तिनं ते अलगद वर्तमानपत्रावर ठेवलं, आणि गुरांच्या बाजारभावातलं एक अक्षर फुगून तिच्याकडेच बघायला लागलं.

"शी, मला मळमळतंय," शेजारी बसलेल्या टकरनं तोंड फिरवलं. "तुझं बरंय बाई. तुमच्या गुरांच्या रँचवर हे रोजचंच असेल."

रोजचंच... खरंच होतं ते. चालता यायला लागल्यापासून ती बाबांच्या मागे कुरणात हिंडलेली, अडलेली वासरं दोर लावून ओढलेली, खांद्यापर्यंत रक्तानं माखलेली. पण तासाच्या सुरुवातीला ट्रेमधला डोळा पाहताच तिनं नजर दुसरीकडे वळवली होती, हे टकरला कुठे सांगत बसायचं? डोळ्याला पापणीचा एकच केस चिकटून राहिला होता. लांब, करडा. ज्युनिपरच्या पापण्या अशाच होत्या.

ज्युनिपर ब्रिटाची लाडकी गाय, लहानपणापासून बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. एप्रिलमध्ये तिचं पहिलं वेत. वासरू नीट बाहेर आलं, ज्युनिपरनं चाटून ते कोरडंही केलं, आणि दुपारी ती नुसतीच खाली बसली, कुणी थकून बसावं तशी... ती पुन्हा उठली नाही. गुरांचे डॉक्टर हॅलोरन पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ते गुडघ्यावर बसत बाबांना म्हणाले, "रॉय, पोट उघडून बघू का? कशानं गेली ते तरी कळेल." आणि ब्रिटा ज्युनिपरच्या मानेवर आडवी पडली होती. हात लावू नका तिला. कुणीही हात लावू नका. डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी नको म्हणून मान हलवली, आणि संध्याकाळी टेकडीमागे खड्डा खणला.

"आता डोळ्याची मागची वाटी हलकेच उलटवा," मिस ओस्टमन म्हणाल्या.

तिनं वाटी उलटवली... आणि ती आणखी खाली वाकली. काळ्या तळाशी मोरपंखी रंग सांडला होता. निळा, जरा कलतं केलं की हिरवा, आणखी कलतं केलं तर कडेला जांभळा. इतक्या आत, जिथे कुणी बघायला जाणार नाही अशा जागी हे कुणासाठी ठेवलं होतं?

मिस तिच्या खांद्याशी येऊन थांबल्या. "अंधारात उजेड कमी असतो ना, तो वाया जाऊ नये म्हणून हा थर. आत शिरलेला उजेड इथे आपटून परत फिरतो आणि डोळ्याला दुसऱ्यांदा मिळतो."

"रंग कशाचा आहे हा?"

"रंग नाहीच त्यात. बारीक तंतू आहेत, त्यांची ठेवणच अशी की परतताना उजेड निळा-हिरवा होतो."

रंग नाहीच. ब्रिटानं वाटी पुन्हा कलती केली, जणू काही कुठेतरी लबाडी सापडेल. "मग आपल्या डोळ्यांत का नाही हे, मिस?"

मिस हसल्या. "बघ, नक्की नाही सांगता येणार मला. तू शोध, मलाही सांग."

"ए, घंटा झाली," टकर दप्तर उचलत म्हणाला. "किती वेळ डोळ्यात डोळे घालून बसणारेस?"

बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली. सुकलेल्या गवताच्या टेकड्यांमागून टेकड्या येत राहिल्या. ज्युनिपरच्याही आत हे होतं – मी तिच्या डोळ्यांत बघत होते, तिची मान खाजवत तासन्‌तास बघत होते, तेव्हाही, त्या काळ्याभोर बाहुलीच्या मागे... आणि मला माहीत नव्हतं. मला वाटायचं मला ती सगळी माहीत आहे. आणि आज, मेलेल्या गाईचा डोळा हातात धरून, मला आनंद झाला होता. लाज वाटायला हवी होती का? तिनं मनात लाज शोधून पाहिली. थोडी होती. पण त्या लाजेच्या शेजारी दुसरंच काहीतरी बसलेलं होतं, आणि ते हलायला तयार नव्हतं.

घरी बाबा पिकअपच्या मागच्या हौद्यात उभे राहून गवताचे गठ्ठे सोडत होते. ती वर चढली, हातमोजे घातले.

"डोळे कापले म्हणे आज," बाबा म्हणाले. "त्यासाठी शाळेत कशाला जायला हवं? इथे फुकट झालं असतं."

"तुम्ही आतून बघितलाय कधी?"

"नाही बुवा."

तिनं सांगितलं. मोरपंखी तळ, परतणारा उजेड, रंग नसलेला रंग. सांगताना तिचा आवाज चढत गेला, हातमोज्यांची वाटी करून तिनं ती कलती करून दाखवली. बाबा दोर हातात धरून ऐकत राहिले.

"म्हणजे रात्री गाडीच्या दिव्यात गुरांचे डोळे चमकतात..."

"तेच ते!"

"चाळीस वर्षं बघतोय," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "कधी मनातच आलं नाही."

मग तिनं विचारलं. विचारायचं ठरवलं नव्हतं. "बाबा, तेव्हा उघडू दिलं असतं तर... कळलं असतं का?"

त्यांनी उगाचच दोराला गाठ मारली, मग सोडली. "कळलंही असतं. नसतंही. तुझं काही चुकलं नाही, पोरी." गठ्ठा खाली ढकलून ते तसेच पाठमोरे म्हणाले, "शेजारच्या बर्गस्ट्रॉमकडे काल एक वासरू गेलं. हॅलोरन उद्या येणारेत उघडायला. येते म्हणालीस तर नेईन. पण घाण वास येतो. आणि एकदा बघितलं की मग ते राहतं डोळ्यांसमोर."

तिनं शेवटचा गठ्ठा खाली ढकलला. गाई गठ्ठ्यांभोवती गोळा झाल्या होत्या. एक जवळची गाय रवंथ करत उभी होती. ब्रिटा खाली उतरली, हातमोजा काढून तिनं तिच्या कुशीवर तळवा टेकला. ऊब. कातड्याखाली कुठेतरी एक गडगड वर आली, थांबली, पुन्हा खाली गेली. एप्रिलपासून छातीत नुसताच पडून असलेला 'का' तिला आज पहिल्यांदाच प्रश्नासारखा वाटला – ज्याला पुढे उत्तर असू शकतं असा. तो अजून दुखत होता. तिनं हात उचलला नाही. आत काय चाललंय ते ऐकत, कान आणखी जवळ नेत, ती उभी राहिली.