मागे वळलेलं गाणं

सोमीने चपला खुर्चीखाली सारल्या आणि पुन्हा पुढे पाहिलं. चिकूच्या वाडीत मांडव नव्हता, नवरा-नवरी नव्हती, तरी एवढी माणसं गाणं ऐकायला गप्प बसली होती. समोर गाणं शिकवणारे पीयूष सर एक मोठं वाद्य गुडघ्यांत धरून त्याच्या खुंट्या पिळत होते. जुन्या काळासारख्या आतड्याच्या तारा म्हणे. डहाणूची खारी हवा लागली की सैल पडतात. बोकडाची आतडी वाजवायची! सोमीला काही उमजेना.

सरांच्या शेजारी तिची लेक कविता उभी होती, निळी ओढणी घेऊन. तीन-चारशे वर्षांपूर्वीचं, इटलीतलं गाणं ती आज गाणार होती. नीट गायली तर सर तिला मुंबईच्या कार्यक्रमाला नेणार होते. नाहीतर त्यांच्या दुसऱ्या शिष्येला, वर्षाला. ती वर्षा पहिल्या रांगेत पाय हलवत बसली होती.

कविताने सुरुवात केली. शब्द एकही कळत नव्हता, पण आवाज आपल्या पोरीचाच, म्हणून सोमीचा ऊर भरून आला. गाणं चढलं, मध्येच दुःखी झालं, थांबलं. आणि कविता परत पहिल्या ओळीवर गेली.

अगं बाई, हे काय?

सोमी धवलेरी होती. आशागडच्या पाड्यांवरची वारल्यांची लग्नं तिच्या गाण्याने लागत. दोघींनी मिळून गायचं आणि गाणं पुढेच न्यायचं, हे सासूने तिला दटावून शिकवलं होतं. एखादी मागच्या ओळीवर गेली, म्हणजे तिची वाट चुकली. मग दुसरीने विचार करत बसायचं नाही. खालून आवाज धरायचा आणि तिला सावरायला वेळ द्यायचा. इथे तर पोरीला जोडीदारीणच नव्हती. तिची बोटं ओढणीचं टोक पिळत होती.

सोमी उठली आणि तिने आवाज लावला.

माना गर्रकन वळल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं. कविताने आईकडे पाहिलं, श्वास घेतला, आणि त्या जाड, बिनशब्दांच्या आवाजावर पाय रोवून ती निघाली. पहिल्यापेक्षा निराळी वळणं घेत शेवटापर्यंत गेली. टाळ्या वाजल्या तेव्हा सोमी अजून उभीच होती.

पीयूष सर हसत जवळ आले.

"मावशी, ती चुकली नव्हती. हे गाणं असंच असतं. मधला भाग झाला की परत पहिल्यावर यायचं. फक्त या खेपेला गाणाऱ्याने आपल्या मनाची नक्षी घालायची."

"परत यायचंच असतं?"

"हो."

सोमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला काय ठाऊक, सर? माझ्यापायी पोरीला मागं ठेवू नका."

"छे! मुंबईला तीच येणार. एवढा घोटाळा झाला तरी डगमगली नाही. तुम्ही मात्र तिकडे गप्प बसायचं हं!"

दोघी घरी जायला रिक्षात बसल्या.

"रागावलीस?" सोमीने विचारलं.

"आये, परत यायचं ते मला ठाऊक होतं." कविताने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आले, आणि पुढचं सगळं पुसून गेलं. बसवलेलं एकही वळण आठवेना. तू उठली नसतीस तर तिथंच थांबले असते."

सोमी तिच्याकडे वळली. "मग मी चुकले का नाही?"

"मला नाही कळत. सरांना सांगू?"

"गप बस." सोमी म्हणाली, "नाव माझं झालंय ना खराब? होऊ दे."

घराच्या अंगणात जयवंती वाट बघत बसली होती. सोमीची गाण्यातली जोडीदारीण, कितीतरी मांडवांत दोघी एकत्र गायल्या होत्या.

"कसं झालं गं पोरीचं गाणं?"

कविताने तोंड उघडलं, पण सोमीनेच घाईने सांगून टाकलं. "झकास झालं. नेणारेत तिला मुंबईला. मीच येड्यासारखी मध्ये उठून आवाज लावला. सगळे हसले."

जयवंती हसली नाही. तिने कविताला हाताला धरून शेजारी बसवलं.

"कुठं अडकली होतीस, बाय?"