लेडीज सायकल

"मावशी, आता हिला वेल्डिंग मारणं म्हणजे मड्याला सलाईन लावणं," सायकलवाला म्हणाला आणि त्यानं पान्यानं सीटखालची नळी ठोकून दाखवली. सांध्यापाशी आधी केसाएवढी असलेली चीर आता चांगली बोटभर झाली होती. "मारायचं तर मारतो. तुमच्या रिटायरमेंटपर्यंत ओढेलही कदाचित. पण वाटेत तुटली तर मला शिव्या घालू नका."

मावशी प्रसूतिगृहात आया होती. बाळंतिणींची मावशी, नर्सची मावशी. हल्ली घरी नवरासुद्धा चुकून मावशी म्हणून हाक मारायचा. सायकल मूळची त्याची. त्यानं स्कूटर घेतली तेव्हा ती हिच्या गळ्यात पडली. उंच, पुरुषी, मधे आडवी दांडी. जमिनीवरून टांग टाकण्याएवढी मावशीची उंची नव्हती. म्हणून तिनं आपली युक्ती काढली होती: घराच्या पायरीवरून चढायचं, दवाखान्याच्या कट्ट्याशी उतरायचं, मधे पाय जमिनीला लावायचा नाही. सिग्नल लागलाच तर उभ्या ट्रकला धरून थांबायचं. वाटेत ओळखीची कुणी भेटली तर तिच्याभोवती घिरट्या घालत ख्यालीखुशाली विचारायची. उतरून दोन शब्द बोलत नाही म्हणून किती जणींनी तिला शिष्ट ठरवलं होतं. उभी हयात अशी निघाली, पण यंदा गुडघ्यांनीच हात टेकले. पाय उंच उचलायचा नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं.

दुकानाच्या दारातच एक लेडीज सायकल उभी होती. गडद निळी, पुढे टोपली, मधे दांडी नाही. मावशीनं इकडेतिकडे पाहिलं, पाय जरासाच उचलला आणि बसलीसुद्धा. दोन्ही पाय जमिनीला टेकले. तिला हसूच आलं.

"राणीसाहेब दिसताय," सायकलवाला म्हणाला.

संध्याकाळी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "दुरुस्त होतेय ना? मग झालं तर! नोकरी राहिली किती, त्यात नवी सायकल? वरातीमागून घोडं."

"दुरुस्त नको. नवी घ्यायची. लेडीज."

त्या घरात तिनं असं ठणकावून कधी काही मागितलं नव्हतं. मुलानं मोबाइलमधून डोकं वर काढलं.

"आई, पुढे ती कोण चालवणार?"

"पुढचं पुढे. आत्ता मी चालवणार. माझ्याच पगारातून घेणार."

नवऱ्यानं हात जोडले. "घे बाई, होऊ दे तुझ्या मनासारखं. पण तू जाऊ नकोस, तुला गंडवतील. आम्ही दोघं आणतो."

"निळी. टोपलीवाली. दारातच उभी आहे," मावशीनं तीनतीनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या वॉर्डाला सांगून टाकलं. कळा सोसणाऱ्या एका बाईलासुद्धा सांगितलं. ती बिचारी विव्हळत "छान" म्हणाली.

घरी आली तर पायरीशी नवी सायकल उभी होती. काळी, उंच, चकचकीत. मधे दांडी.

"निळी संपली का?"

"होती की," नवरा म्हणाला. "पण लेडीज सायकल म्हणजे नुसतं खेळणं. ही बघ कशी दणकट! शिवाय तुझी नोकरी संपली की आपल्या पोराला होईल. पोट बघ त्याचं. डॉक्टरनं सायकल चालवायला सांगितलीय. तो काय लेडीजवर बसणार?"

"आणि जुनी?"

"बदल्यात दिली."

"अहो, माझा गुडघा..."

"इतकी वर्षं दांडीचीच चालवलीस ना? सवय आहे तुला."

जे बोलायचं ते कालच बोलून झालं होतं. जन्मात एकदा तोंड उघडलं, तेही फुकट गेलं. तिला रडू आलं नाही, संताप आला. त्या संतापाचं काय करायचं हे माहीत नव्हतं, म्हणून तिनं भांडी घासायला घेतली.

सकाळी नवरा झोपलेला असताना ती पायरीवर उभी राहिली आणि तिनं पाय उचलला. गुडघ्यात अशी कळ गेली की भिंत धरावी लागली. तिनं पुन्हा प्रयत्न केला नाही. सायकल घरी ठेवली असती तर 'एवढी हौसेनं आणली आणि पडून आहे' हे दिवसरात्र ऐकावं लागलं असतं. तिनं डबा हँडलला अडकवला आणि सायकल हातात धरून चालू लागली.

"मावशी, नवी कोरी सायकल आणि चालत?" गेटवरच्या वॉचमननं विचारलं. "पंक्चर?"

"हो ना."

दुसऱ्या दिवशीही पंक्चर. तिसऱ्या दिवशी त्यानं काही विचारलं नाही. ती लांबून दिसताच गेट उघडून ठेवलं. पुढे रोजच तो असं करू लागला.

रिटायर झाली त्या संध्याकाळी मावशीनं सायकलची किल्ली मुलाच्या हातात दिली. त्यानं सीटवर हात फिरवला.

"आई, अगं, सीटचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाहीस?"

"बघितलंत?" नवरा शेजाऱ्यांना कौतुकानं म्हणाला. "जिवापाड जपली हो तिनं."

मुलानं प्लास्टिक टराटरा फाडलं, सहज टांग टाकली आणि घंटी वाजवत कोपऱ्यावरून वळला. मावशी पायरीवर बसली आणि तिनं पायातल्या चपला काढल्या. त्यांचे तळ पार गेले होते.